तुम्हाला बोलवायचं राहून गेलं

नाना, तुमच्या बातमीला मी आधी हात जोडले आणि मग वाचलं, कोण गेलं ते.

सांगायची लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलून आता काय मिळवायचं आहे? सकाळी साडेअकराची वेळ होती. धुळ्यातल्या आमच्या ऑफिसात टपालाचा ढीग समोर होता. मी आवक-जावकची बाई. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढे सरकवायचा, एवढंच माझं काम. तेवढ्यात फोन थरथरला. आपल्या गल्लीच्या ग्रुपवर ‘दुःखद निधन’ एवढीच अक्षरं दिसली. त्या ग्रुपवर कोणाचे मामा, कोणाच्या चुलतसासूबाई जातच असतात. मी सवयीनं जोडलेल्या हातांचं चित्र दाबलं, फोन पालथा ठेवला आणि पुढच्या पाकिटावर शिक्का मारला. मग काय वाटलं कोण जाणे, फोन परत उचलला. तुमचं नाव होतं. खाली आधार कार्डावरचा तुमचा फोटो होता, ज्यात तुम्ही कोणावर तरी खेकसून आल्यासारखे दिसता. त्या फोटोखाली सगळ्यात पहिले जोडलेले हात माझे होते.

तुम्ही असता तर हसला असतात. म्हणाला असतात, आमच्या मॅडमची पोच मात्र वेळेवर.

रजेचा अर्ज न टाकताच मी एसटी स्टँड गाठला. पारोळ्यापर्यंत मला रडू आलं नाही. एरंडोलला एक बाई शेजारी येऊन बसली, हातात मेथीच्या जुड्या. तिनं सहज विचारलं, कुठं जाताय, आणि तिथं माझा बांध फुटला. तिनं पुढे काही विचारलं नाही. जुड्या पायाशी ठेवल्या आणि माझा हात धरून बसली. पाळधीला उतरताना पाठीवरून हात फिरवून गेली. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता, गल्ली तुम्हाला श्रद्धांजली वाहत होती.

मी पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. ओटा ओला होता. तुमचा संसार केलेल्या अक्का आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “उनी का माय. त्या गयात.” आलीस का, ते गेले, एवढंच, तुम्ही बाजारात गेल्यासारखं म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला एकदम जाणवलं की दीड वर्षात मी या घरात पाऊल टाकलेलं नाही.

तुमचं चरित्र मी लिहिणार नाही. ते छापील कागदावर तुमच्या सुरतच्या मुलानं, राजूनं लिहून घेतलंय, त्यात तुम्ही ‘मनमिळाऊ’ आहात. मनमिळाऊ कसले! वायरमनच्या नोकरीत तुम्ही लोकांच्या घरात शिरायला शिकलात, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. आम्ही जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधलं तेव्हा मीटरची पेटी तुम्ही लावून दिलीत आणि लावता लावता आमच्या स्वयंपाकघराचं तोंड चुकलंय हेही सांगून गेलात. गल्लीतल्या प्रत्येक घराचा फ्यूज तुम्हाला ठाऊक होता, आणि फ्यूजच्या निमित्तानं घरही. तुमचं गाव शिंदखेड्याकडचं. सगळी हयात जळगावात गेली, पण बोली तुम्ही गावाकडचीच ठेवलीत. चुकून ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायला लागलात की अक्का तोंडाला पदर लावायच्या.

आपल्या दोन घरांची भिंत एक होती. आमचे हे गेले तेव्हा त्या भिंतीवरून तुम्ही तेरा दिवस आलात. म्हणजे फाटकातूनच आलात, पण मला ते भिंतीतून आल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी सहाला यायचं, खुर्चीत बसायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि पंख्याकडे बघत राहायचं. एक अक्षर बोलायचं नाही. बाकीचे येणारे मला धीर देत होते आणि त्या धीरानं मी थकून जात होते. तुम्ही काहीच देत नव्हता. चौदाव्या दिवशी तुम्ही स्टूल घेऊन आलात आणि त्या पंख्याचा खडखडणारा रेग्युलेटर बदलून दिलात. तेवढंच बोललात की केव्हापासून कानाला त्रास होत होता. त्या दिवशी मी हे गेल्यावर पहिल्यांदा हसले होते. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. कसे मानतात, तेच कळलं नाही.

आणि अशा माणसावर मी तीन वर्षं डूख धरला.

आपल्या गल्लीचं जेवण तुम्हीच सुरू केलेलं. पौषातल्या एका रविवारी मोकळ्या प्लॉटवर चुली मांडायच्या. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बस्स. आदल्या संध्याकाळी तुम्ही जेवणाचं निवतं द्यायला निघायचात. उद्या चूलबंद, म्हणजे घरात कोणी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. पण हे झालं नुसतं सांगणं. सांगितलं म्हणून आपल्याकडे कोणी उठून येत नाही. दुसऱ्या दिवशी पानं मांडली की पुन्हा दारोदार जाऊन बोलवावं लागतं. “चाला, जेवाले चाला” असा आवाज दारात आला की मग माणसं चपला शोधतात. तोवर न्हाऊन, कपडे करून घरात बसून राहतात. पोटात कावळे ओरडले तरी बसतात, कारण बोलावण्याआधी पोचणं म्हणजे हावरटपणा. तुमच्या त्या दोन फेऱ्यांना पाच तास लागायचे. एका घरी चहा, दुसऱ्या घरी मीटरची गुणगुण, तिसऱ्या घरी सुनेचं रडगाणं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला ते जुनाट वाटत होतं. तुमचे गुडघे खांबांवर चढून चढून कामातून गेले होते, जिना उतरताना तुम्ही आडवे उतरायचात. शिवाय एका वर्षी तुम्ही कोपऱ्यावरच्या सोनारांच्या घरी बोलवायला विसरलात आणि ते कुटुंब वर्षभर तोंड फिरवून होतं. मी म्हटलं, नाना, आता गल्लीचा ग्रुप आहे, सगळे त्यावर आहेत. एक मेसेज टाकला की एकाच क्षणी सगळ्यांना पोचतो. कोणी सुटत नाही, कोणाचा रुसवा नाही, तुमचे गुडघे वाचतात. कोणी वाचलं, कोणी नाही, तेसुद्धा दिसतं. माझ्यासारख्या जावक क्लार्कला याहून सुंदर काय असणार?

तुम्ही ओट्यावर पाय चोळत बसला होतात. वर न बघता म्हणालात, “तू सांगस माय, मी बोलावस.”

मी म्हटलं, सांगणं काय, बोलावणं काय, एकच ते. तुम्ही म्हणालात, एक नाही. मी म्हटलं, मग फरक काय ते सांगा. तुम्ही वाद घालणारे नव्हता आणि मी रोज साहेबाशी वाद घालून तयार झालेली. शेवटी तुम्ही हात झटकलात, कर तुझ्या मनासारखं म्हणालात. मी तुम्हाला निक्षून सांगितलं की उद्या तुम्ही कुठंही फिरायचं नाही, आराम करायचा. जिंकल्याच्या थाटात मी घरी गेले आणि मेसेज लिहिला. वर फुलं, खाली फुलं, मध्ये चूलबंद आमंत्रण, वेळ सकाळी अकरा. संध्याकाळपर्यंत अंगठेच अंगठे. इतके अंगठे मी आयुष्यात पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले. आचाऱ्यानं बट्ट्या तळून परातीत रचल्या. सतरंज्यांवर ऊन आलं. आले कोण, तर दोन नवी बिऱ्हाडं, नागपूरकडची, ज्यांना आपल्या रीती ठाऊक नव्हत्या. मी पुन्हा मेसेज टाकला, पानं वाढली आहेत, लवकर या. पुन्हा अंगठे. दोनच्या सुमाराला मी तावातावानं चौधरी वहिनींच्या दारात गेले. त्या भरजरी साडी नेसून, केसांत गजरा माळून, टीव्हीसमोर बसल्या होत्या. नवरा इस्त्रीच्या कपड्यांत, पोरं भुकेनं कावलेली. वहिनी म्हणाल्या, अहो, आम्ही कधीचे तयार आहोत, कोणी बोलवायलाच आलं नाही! तशी सगळी गल्ली नटूनथटून घरोघर बसली होती. मग मी धावले, काही आले, काहींनी तोवर खिचडी टाकली होती. बट्ट्या दगड झाल्या. वरण तिसऱ्यांदा तापवून तळाला लागलं.

त्या धावपळीत मी दोनदा तुमच्या दारावरून गेले होते. एकदा घरून तुपाचा डबा आणायला, एकदा झारा आणायला. तुम्ही पांढरा सदरा, टोपी घालून ओट्यावर बसला होतात. मला वाटलं, बसलेत मजा बघत. आपल्यावाचून काही चालत नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून बसलेत. माझं डोकं इतकं तापलं होतं की मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नाही.

संध्याकाळी पाचला तुम्ही आलात. कोणी न सांगता पातेली घासायला बसलात, त्या गुडघ्यांनी, उकिडवे. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “नाना, तुम्हाला हेच बघायचं होतं ना?”

तुमचा राखेचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “दे ते भांडं आठे.” मी भांडं दिलं आणि घरी निघून आले. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. अबोला नव्हता. भिंतीवरून कढीलिंबाची देवाणघेवाण चालू होती. पण मी आधीसारखी येऊन तुमच्या ओट्यावर पाय सोडून बसत नव्हते, आणि तुम्ही बोलवत नव्हता.

पुढच्या वर्षी जेवण ठेवायचं की नाही यावर कोणीतरी ग्रुपवर मतदान ठेवलं. निम्म्यांनी मतच दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एकानं सुचवलं की घरपोच पाकिटं वाटू. तेही झालं नाही. जेवण बंद पडलं आणि गंमत अशी की कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण ग्रुप रोज भरलेला होता. सकाळी फुलं, दुपारी देव, रात्री विनोद. वाढदिवसाला केक.

मधल्या काळात माझी धुळ्याला बदली झाली होती. देवपुरात दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. समोरच्या दारावर ‘शुभ लाभ’ लिहिलेलं आहे. दोन वर्षांत ते दार उघडताना मी चार वेळा पाहिलं असेल. संध्याकाळी कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणजे आत माणसं आहेत. मला ओरडून सांगावंसं वाटतं की मी इथं आहे, पण असं कोण सांगतं? माझा ओंकार पुण्याहून रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवतो. मी त्याला फूल पाठवते. तो जिवंत, मी जिवंत, एवढं त्यातून कळतं. रविवारी मी कपडे धुते, फोन बघते, झोपते, उठून पुन्हा फोन बघते. एखाद्या रविवारी आवाज काढला नाही हे सोमवारी ऑफिसात घसा खाकरल्यावर लक्षात येतं.

राजूनं तुम्हाला मोठा फोन दिला आणि तुम्ही मला त्यावरून चेहरा दिसणारे कॉल करायला लागलात. म्हणजे तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही फोन नेहमीसारखा कानाला लावायचात आणि मला तुमचा कान दिसायचा. आख्खा पडदाभर कान, त्यातले पांढरे केस, मागे कधी छताचा पंखा. तुमचा कान मी जितका जवळून पाहिला तितका अक्कांनीसुद्धा पाहिला नसेल. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की फोन समोर धरा. आधी हसू यायचं म्हणून नाही सांगितलं. नंतर मला तेच सोयीचं वाटायला लागलं. कानाशी बोलणं सोपं होतं. तोंड समोर आलं असतं तर मला त्या पातेल्यांच्या दिवसाचं काहीतरी बोलावं लागलं असतं.

प्रत्येक वेळी शेवटी तुमचा तोच प्रश्न, “कव्हय येशी, माय?” आणि माझं तेच उत्तर, येते ना नाना, येत्या रविवारी. नव्वद किलोमीटरचा रस्ता, दर अर्ध्या तासाला गाडी. मी यायची ती दिवाळीत, घर झाडून, कुलूप लावून जायची. भिंतीवरून हाक मारायची, कसे आहात, बरे आहात ना, आणि रिक्षा थांबलेली असायची.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी अक्का मोकळ्या झाल्या. बायका उठून गेल्या होत्या. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. तुमच्याच गोष्टी निघाल्या. मी म्हटलं, अक्का, त्या जेवणाच्या दिवशी नाना माझ्यावर फार रागावले होते, नाही? मुद्दाम आले नाहीत. अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांना मी काय म्हणते ते कळलंच नव्हतं.

“त्या तयार व्हईसन बठेल व्हतात ना माय,” अक्का म्हणाल्या. “तू दोनदा दारवरथून गयी. पहिलांदा त्या उठनात भी. त्यासले वाटनं, तू बोलावाले उनी.”

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मी बोलवायला आले असं वाटून तुम्ही उठलाही होतात.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दर वर्षी सगळ्यांना बोलवणारे तुम्ही, तेव्हा तुम्हाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही शेवटच्या घराबरोबर यायचात. त्या वर्षी मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं आणि तुम्हीही मग एक घर झालात. साधा फोन वापरायचात तेव्हा, ग्रुपवर तुम्ही नव्हतातच. मेसेज तुम्हाला आला नव्हता, बोलावणंही आलं नाही. अक्का म्हणाल्या होत्या, जा ना, सगळे आपलेच आहेत. तुम्ही म्हणालात, बोलवायला कोणी आलं नाही, कसं जायचं. अडीचपर्यंत बसलात. मग आत येऊन कालची भाकरी आणि तिखट खाल्लंत. अक्कांना बजावलंत की त्या पोरीला यातलं काही सांगू नको, तिला वाईट वाटेल. आणि पाचला उठून पातेली घासायला गेलात.

नाना, मला वाटलं होतं तुम्ही मला धडा शिकवत होता. तुम्ही तर उपाशी होता.

कोणी सुटत नाही, असं मी म्हटलं होतं. सुटला होतात तुम्ही, एकटे तुम्ही. आणि त्याबद्दल बोलणीही तुम्हीच खाल्लीत. हे मला त्या क्षणी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मी भांडले असते, रडले असते, माफी मागितली असती, दोन बट्ट्या वाढल्या असत्या. तुमचं ते सोसून गप्प बसणं मोठेपणाचं असेल, पण माझ्यावर त्यानं अन्याय केला. मला तीन वर्षं तुम्ही वाईट वाटलात. हे भांडण मी तुमच्याशी अजून करतेय, आणि तुम्ही नेहमीसारखे काही बोलत नाही.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या जेवणाचं राजूनं ग्रुपवर टाकलं. फोटोला हार, खाली वेळ, ‘उपस्थित राहावे ही विनंती’. हात जोडले गेले, भराभर. मी राजूला म्हटलं, सकाळी मी फिरते. तो म्हणाला, ताई, कशाला, सगळ्यांना गेलंय. मी म्हटलं, गेलंय, बोलावलं नाही अजून.

आपल्याकडे हे काम पुरुषाचं. बाई हळदीकुंकवाला बोलवते, पंगतीला नाही. पहिल्या दारात मला तोंड उघडेना. मी अशी उभी, जशी वर्गणी मागायला आले आहे. चौधरी वहिनींनी सोडवलं, त्या म्हणाल्या, नानांचं बोलावणं ना, येतोच. मग सुटत गेले. एका घरी दारावरच्या इंटरकॉमच्या डब्यातून आवाज आला, कोण? मी त्या डब्याला सांगितलं, जेवायला चला. डबा खरखरला आणि मग खरंखुरं दार उघडलं. सोनारांकडे चहा घ्यावाच लागला. नव्यानं आलेल्या एका भाडेकरू मुलीनं विचारलं, नाना म्हणजे कोण? तिला तुम्ही कोण ते सांगता सांगता दहा मिनिटं गेली. ती म्हणाली, मग तर यायलाच हवं.

आणि टोकाच्या घरी खैरनार सर. गेल्या महिन्यात आख्ख्या ग्रुपनं त्यांना वाढदिवसाचे केक पाठवले होते, मीही पाठवला होता, ‘धन्यवाद’ असं उत्तरही आलं होतं. सर आतल्या खोलीत पडून होते. अर्धं अंग गेलं त्याला चार महिने झाले. धन्यवाद सूनबाई दाबत होत्या. सरांनी मला ओळखलं, तोंड वाकडं करून ‘नाना’ म्हणाले आणि त्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. तुमच्या फेऱ्यांना पाच तास का लागायचे, ते मला त्या खाटेशी बसल्यावर कळलं. मला तीन लागले. तुमच्याइतकी मी मुरलेली नाही.

माणसं आली. सगळी नाही, पण पानं पुन्हा मांडावी लागली एवढी आली. मी पाय धुवायला, साडी बदलायला घरी गेले. बदलली, केस विंचरले आणि खुर्चीत बसले. भिंतीपलीकडून वाढपी ओरडत होते, वरण, वरण, भात इकडे. मी बसूनच होते. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी वाट बघते आहे. कोणीतरी येईल आणि म्हणेल, चला. कोणी आलं नाही. त्यात कोणाची चूक नव्हती. प्रत्येकाला वाटलं असणार मी तिथंच कुठंतरी आहे, वाढतेय. अर्धा तास गेला असेल. एवढासा अर्धा तास, नाना, पण मला माझ्याच घरात परकं वाटायला लागलं. मग मी आपली आपण उठले आणि तुमच्या पंगतीला येऊन बसले. मला ते जमलं. तुम्हाला साडेतीन तासांत नाही जमलं.

संध्याकाळी मांडव उतरला. राजू भाड्याची भांडी मोजून देत होता. मी निघण्यासाठी अक्कांच्या पाया पडले आणि जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. म्हटलं, अक्का, मी येते येते म्हणायचे आणि यायची नाही. त्याचा तरी राग होता का त्यांना?

अक्कांनी माझा हात हातात घेतला. तुम्ही मंगळवारी गेलात. शुक्रवारी आपलं बोलणं झालं होतं, आणि मी नेहमीसारखं रविवारचं सांगितलं होतं.

“राग नही माय,” त्या म्हणाल्या. “जावाना आधीना ऐतवारले त्या सकायमा आंग धोईसन ओटावर बठनात. मी म्हनं, ती कशी येई, तिले कितला कामं. त्या म्हनेत, ती येई. ऊन उनं तरी उठनात नही.”

तुम्ही ओट्यावर माझी वाट बघत होतात, त्या रविवारी मी धुळ्यात खोलीवर होते, नाना. मला काही काम नव्हतं.